घाटाचे चिन्ह नसलेले घड्याळ

बंगळूरला समुद्र नाही. नाव घेण्यासारखी नदी नाही, आणि जी तळी उरली आहेत त्यांच्या काठाने फिरताना माणसे नाकाला रुमाल लावतात. तरीही समुद्राच्या तळाशी जाऊन आलेली जितकी माणसे मला आमच्या एकट्या बनशंकरी उपनगरात भेटतात, तितकी एखाद्या बंदरातही भेटणार नाहीत. याचे कारण मी पुष्कळ दिवस शोधत होतो. आमच्या शहरात माणसाने चाळिशी ओलांडली की तो स्वतःला मोजू लागतो. झोप किती लागली, पावले किती पडली, हृदयाचे ठोके किती, हे मनगटावर वाचल्याखेरीज आपण जिवंत आहोत अशी त्याची खात्री पटत नाही. जमिनीवर मोजण्यासारखे सारे मोजून झाले की तो पाण्याखाली उतरतो. तिथे मोजण्यासारखे आणखी काही असते.

मी ही थट्टा करतो आहे खरा, पण तिचा पहिला मानकरी मीच आहे.

आमचे घराणे या शहरात इतक्या पिढ्यांपासून आहे की आमच्या मराठीत कानडी कुठे सुरू होते हे आम्हाला सांगता येत नाही. लिहिण्याचे मराठी मी पुस्तकांतून कष्टाने कमावले. बोलण्याचे, थोड्याला 'स्वल्प' आणि बरे म्हणायला 'सरी', अशा कानडी कुबड्यांवर चालते. व्यवसायाने मी एका कंपनीत जोखीम-व्यवस्थापन विभागाचा प्रमुख आहे. माझ्यासमोरच्या पडद्यावर हिरवे, पिवळे आणि तांबडे ठिपके असतात. पिवळे ठिपके बैठकीपूर्वी हिरवे व्हावेत, हे पाहणे म्हणजे माझे काम. ते हिरवे कसे झाले असे मला आजवर कोणी विचारलेले नाही. मीही विचारलेले नाही.

स्कूबा डायव्हिंगचे वेड मूळचे माझे नव्हे, पत्नीचे. ती कॉलेजात गणित शिकवीत असे. मुदतीपूर्वी निवृत्ती घेतली आणि दुसऱ्याच महिन्यात येलहंक्याच्या एका जलतरण तलावात तिने नाव घातले. पाण्याखाली एकट्याने जायचे नसते, प्रत्येकाला एक जोडीदार लागतो, त्याला 'बडी' म्हणतात, असे तिने जेवताना सांगितले. परक्या माणसाच्या भरवशावर तिला बुडू द्यावे हे मला बरे वाटेना. म्हणून मीही नाव घातले. त्या वेळी मी याला प्रेम समजत होतो. आता वाटते, त्यात देखरेखीचा भाग बराच असावा.

आमच्या इन्स्ट्रक्टर कारवारकडच्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी तलावाच्या काठावर सोड्याची बाटली ठेवली. पाण्याखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो, त्या म्हणाल्या. जितके खोल जाल आणि जितका वेळ राहाल तितका अधिक. सावकाश वर आलात तर तो श्वासावाटे निघून जातो. त्यांनी बाटली खळाळून हलवली आणि एकदम उघडली. फेस आमच्या पायांवर आला.

"वर येणं म्हणजे झाकण उघडणं," त्या म्हणाल्या. "हा फेस सांध्यात झाला तर माणूस वाकतो. मणक्यात झाला तर उठत नाही."

किती खोल, किती वेळ, याचा हिशेब त्यांनी प्लास्टिकच्या एका तक्त्यावर शिकवला. एका कडेला खोली, दुसऱ्या कडेला मिनिटे. दोन्हींच्या भेटीच्या जागी एक अक्षर. ते अक्षर म्हणजे तुमच्या अंगात मुरलेला नायट्रोजन. बोटीवर विश्रांती घेतली की अक्षर खालच्या पायरीवर येते आणि पुढची डाइव्ह तिथून मोजायची. तक्त्याच्या पाठीवर विमानप्रवासाचे आणि उंचीवर जाण्याचे नियम होते. माझी पत्नी त्या तक्त्यावर लुब्ध झाली. मला मात्र तो जुन्या काळच्या हेडक्लार्कसारखा वाटला. तुम्ही क्षणभर खोल गेलात तरी सगळा वेळ तिथेच होतात असे धरून चालणारा, सवलत न देणारा.

सवलत देणारे यंत्र मला जावयाने आणून दिले. जावई पुण्याचे, इथे एका मोठ्या कंपनीत आहेत आणि आमच्याआधीपासून डायव्हिंग करतात. माझ्या वाढदिवसाला त्यांनी डाइव्ह कॉम्प्युटर दिला. दिसायला मनगटी घड्याळच. पाण्याखाली ते क्षणोक्षणी खोली पाहते, तुम्ही थोडे वर आलात तर त्याचे श्रेय देते आणि अजून किती मिनिटे राहता येईल ते दाखवते. सारे ठीक असेल तर कडेला हिरवी पट्टी. ती हिरवी पट्टी पाहताच मला आपल्या माणसात आल्यासारखे झाले.

"आई, टेबल्स बेसिकली लेगसी आहेत," जावई म्हणाले. "फोनमध्ये मॅप असताना कागदाचा नकाशा उलगडून बसण्यासारखं आहे ते."

"कागदाचा उलगडला की शेजारचं गाव पण दिसतं हो," पत्नी म्हणाली. "तुमच्या फोनात नुसतं डावीकडं वळा, उजवीकडं वळा."

"पण पोचतो ना आपण?"

"पोचता. कुठून आलात ते विचारलं तर सांगता येत नाही."

तिच्या बाजूचा आणखी एक माणूस होता. येलहंक्याला राहणारे, हवाई दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्याच वर्गात होते. विधुर, ताठ, मितभाषी. ते आपल्या पाटीवर प्रत्येक डाइव्हचा हिशेब सुवाच्य अक्षरात मांडीत. ती पाटी पाण्याखालीही लिहिता येणारी असते, आणि तिला खोली व वेळ दाखवणारा साधा मापक बांधलेला असतो. तशीच पाटी पत्नीनेही घेतली. पत्नी त्यांना अण्णा म्हणे. अण्णा म्हणजे थोरला भाऊ, हे मला माहीत आहे. पण बंगळूरात अण्णा हे नाते राहिलेले नाही, विरामचिन्ह झाले आहे. रिक्षावाला अण्णा, दूधवाला अण्णा. तेव्हा त्या शब्दाने माझे समाधान होत नसे. दोघांनी एका तक्त्यावर डोकी वाकवलेली पाहिली की मला माझ्या घड्याळातली नाडी वाढलेली दिसे.

त्या हिवाळ्यात इन्स्ट्रक्टर काही जणांना अंदमानला नेणार होत्या. तिथल्या एका खोल उतारावर जाण्याची पत्नीची फार इच्छा होती. इतक्या खोल ती कधी गेली नव्हती. आधी सरावासाठी मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाला दोन दिवस जायचे, आणि मग खोल डाइव्हसाठी आपला बडी कोण ते प्रत्येकाने कळवायचे, असे ठरले.

"कळवायचं काय त्यात?" मी म्हणालो. "मी आहे की."

ती शेंगा सोलत होती. "बघू," म्हणाली.

तीन दशकांच्या संसारानंतर 'बघू' या शब्दाला किती खोली असते, त्याचा तक्ता कोणी छापलेला नाही. नेत्राणीला मी परीक्षेला निघालेल्या विद्यार्थ्यासारखा निघालो. जावई आणि अण्णाही बरोबर होते.

पहिला दिवस उत्तम गेला. दोन डाइव्ह झाल्या, आणि संध्याकाळी घड्याळावर विमानाचे एक लहानसे चित्र उमटले, त्यावर आडवी रेघ. डायव्हिंगनंतर लगेच विमानाने जायचे नसते. वर हवेचा दाब कमी, म्हणजे पुन्हा झाकण उघडणे. आमची तिकिटे तर दुसऱ्या संध्याकाळची, मंगळूरहून विमानाची. जावयांनी जेवणाच्या टेबलावरच ती रद्द केली आणि गाडी ठरवली. उद्या जेवून निघायचे, गेरुसोप्पाचा घाट चढायचा, जोगला कॉफी, रात्री घरी. सोमवारी सकाळी वरिष्ठांपुढे माझे सादरीकरण होते. विषय होता जोखमीची संस्कृती. तिकिटांचे पैसे बुडाले तरी आपण सुरक्षितता निवडली, याचा मला इतका अभिमान वाटला की ही गोष्ट सादरीकरणाच्या आरंभी सांगायची, असे मी मनाशी ठरवले.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डाइव्हला पत्नीला खडकाच्या कपारीत सापासारखी लांब वाम मासळी दिसली. जाड, ठिपक्याठिपक्यांची, तोंड उघडमीट करणारी. आणि तिच्या जबड्यात एक इवलीशी कोळंबी निर्धास्त फिरून दात साफ करीत होती. पत्नी त्या कपारीत शिरली. मी तिच्या वर तरंगत होतो. तिने ठरवलेली वेळ संपली. तिने पाटीकडे पाहिले आणि ती हलली नाही. आयुष्यभर घंटा झाली की खडू खाली ठेवणारी ही बाई, त्या कोळंबीसाठी घंटा विसरली. मग मान वळवून तिने माझ्याकडे पाहिले. मी घड्याळ पाहिले. हिरवी पट्टी होती, बरीच मिनिटे शिल्लक होती. मी अंगठा आणि तर्जनी जुळवून 'ठीक आहे' अशी खूण केली.

वर आल्यावर तिने तक्ता काढला. बोट ठेवून ओळ शोधली, पुन्हा शोधली.

"मी यात बसत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"इतकी खोली आणि इतका वेळ, या तक्त्यात जागाच नाही. मी बाहेर आहे."

जावयांनी आपले घड्याळ दाखवले, मी माझे दाखवले. "हे बघ, हिरवं. मर्यादेत आहोत आपण."

"हे तुमच्या हातावरचं," ती म्हणाली. "मी तुमच्या खाली होते. माझ्या हातावर काही नव्हतं."

इन्स्ट्रक्टरनी तिला बारकाईने विचारले. वर येताना ठरल्याप्रमाणे थांबलो होतो का, कुठे दुखते का, मुंग्या येतात का. काही नव्हते. त्यांनी पाणी प्यायला लावले आणि सांगितले, आज पुन्हा उतरायचे नाही आणि उद्या दुपारपर्यंत किनारा सोडून वर जायचे नाही. बाकीच्यांनी तक्त्याची पाठ वाचावी, असेही त्या म्हणाल्या. पण दुसरी बोट लागत होती आणि त्या तिकडे वळल्या. मी तक्त्याची पाठ वाचली नाही. माझ्याकडे चित्र होते.

जेवण झाले. लॉजच्या दारात गाडी उभी राहिली, जावई सामान भरू लागले. पत्नी पायरीवर बसून राहिली.

"चल," मी म्हणालो.

"अहो, स्वल्प थांबा. मला एक सांगा. विमान का नको होतं?"

"वर दाब कमी असतो म्हणून."

"आणि बनशंकरी कुठं आहे?"

आमचे घर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवर आहे. लहानपणापासून आम्ही या गोष्टीचा टेंभा मिरवतो. आमची हवा, आमचा उन्हाळा, सारे त्या नऊशे मीटरांचे देणे.

"विमान त्याहून पुष्कळ उंच जातं," मी म्हणालो.

"म्हणजे पूर्ण झाकण नको, अर्धं उघडलं तर चालेल?"

"आई, टेक्निकली नो-फ्लाय म्हणजे नो-फ्लाय," जावई डिकीपाशी उभे राहून म्हणाले. "आपण फ्लाय करतच नाहीये. बंगळूरचे सगळे ग्रुप रात्रीच्या बसनं वरच जातात."

"सगळे जातात म्हणून डोंगर खाली येतो का हो?"

त्यावर मी मनगट पुढे केले आणि असे वाक्य बोललो, जे आठवले की अजूनही मला उशीखाली तोंड लपवावेसे वाटते.

"यात घाटाचं चिन्ह नाही," मी म्हणालो.

तिने घड्याळाकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. वर्गात चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर काढणाऱ्या मुलाकडे पाहावे तसे.

"सरी," ती म्हणाली. "तुम्ही जा. तुमची मीटिंग आहे. अण्णा थांबतायत उद्यापर्यंत, मी त्यांच्या गाडीतून येते."

अण्णा थांबणार होतेच. ते प्रत्येक वेळी एक रात्र थांबत आणि त्याचा उच्चारही करीत नसत. माझ्यापुढे आता दोन वाटा होत्या. मर्यादा ओलांडलेल्या पत्नीजवळ समुद्रकाठी बसावे, किंवा जोखमीच्या संस्कृतीवर व्याख्यान देण्यासाठी तिला सोडून डोंगर चढावा. मी गाडीत बसलो. ती पायरीवरून उठली नाही. हात मात्र हलवला, आणि तो हलवण्यात राग नव्हता, याचेच मला वाईट वाटले.

गेरुसोप्पाचा घाट दाट झाडीतून वर जातो. जावई फोनवर कोणाला तरी सोमवारचे आश्वासन देत होते. निम्म्या घाटात माझे कान बंद झाले, उघडले, आणि डाव्या खांद्यात दुखू लागले. आधी बारीक, मग दात दुखावा तसे आतून. मी कारणे शोधली. हवेचा टँक उचलला होता. रात्री कुशीवर झोपलो होतो. आणि माझ्या वयात पश्चात्ताप सांध्यांत उतरत असावा. मी घड्याळ पाहिले. विमान, त्यावर रेघ. बाकी सारे उत्तम. आपल्या खांद्यात दुखते आहे हे त्या यंत्राला कळवण्याची काही सोय आहे का, म्हणून मी त्याची सारी बटणे दाबून पाहिली. शेवटी घड्याळ काढून दुखऱ्या हाताच्या मनगटावर बांधले. तिथूनही त्याचे मत तेच राहिले.

जोगला कॉफीसाठी थांबलो. फोनला रेंज आली आणि कार्यालयाचा निरोप उमटला: सोमवारची बैठक गुरुवारवर गेली आहे. मी तो निरोप वाचला आणि कप खाली ठेवला.

पत्नीला फोन लावला. "खांदा दुखतोय," म्हणालो.

"कुठला?"

"डावा."

"कुठं आहात?"

"जोगला. वर."

"घड्याळ काय म्हणतं?"

"बरं आहे म्हणतं."

"मग कॉफी पण त्यालाच पाजा," ती म्हणाली, आणि लगेच तिचा आवाज बदलला. "अहो, खाली या. आता. मुंग्या येतायत? बोटं हलतायत? थांबा, यांना देते."

इन्स्ट्रक्टरनी दोनच गोष्टी सांगितल्या. आणखी चढू नका. आणि होन्नावरच्या दवाखान्यात या, मी ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन तिथे पोचते. ड्रायव्हरने कानडीत विचारले, "सर, वर का खाली?" जावई म्हणाले, "खाली." सगळ्या उतारावर त्यांनी फोन खिशात ठेवला होता. एका वळणावर ते म्हणाले, "बाबा, आय अॅम सॉरी." मी म्हणालो, "तुम्ही नुसतं घड्याळ दिलंत. डोकं माझं मीच काढून ठेवलं."

दवाखान्यात पत्नी इन्स्ट्रक्टरबरोबर आधीच आलेली होती. मला आडवे केले, तोंडावर मुखवटा लावला. डॉक्टर तरुण होते. दिवसभर मच्छीमारांचे कापलेले हात आणि दुचाकीवरून पडलेले गुडघे पाहणारे. त्यांनी फोनवर या विषयाच्या जाणकार डॉक्टरांशी बोलून घेतले, माझी बोटे, पाय, तोल तपासला, खांदा दाबला, फिरवला.

"टँक कुठल्या खांद्यावर घेतला होता?"

मी मुखवटा न काढताच डावा हात उचलला.

"बहुधा स्नायू आहे," ते म्हणाले. "पण मी बहुधा म्हणतोय. उद्यापर्यंत इथंच राहा."

दुखणे ऑक्सिजनने गेले, खाली आल्याने गेले, की पत्नीने गरम ओल्या टॉवेलने खांदा शेकला म्हणून गेले, हे कधीच कळणार नाही. हा माझ्या आयुष्यातला पहिला ठिपका, ज्याचा रंग मला ठरवता आला नाही.

संध्याकाळी अण्णा खाटेपाशी येऊन बसले. मी त्यांना म्हणालो, तुमचा तक्ता जिंकला. त्यांनी नकारार्थी मान हलवली. ते कानडीत हळूहळू बोलले. "तक्ताही चुकवतो. माझी एकदा ओळ चुकली होती, तर मी भलत्याच समुद्राचा हिशेब करून आलो. कोणी ओरडलं नाही, कारण तक्त्याला तोंड नसतं. फरक इतकाच की ओळ शोधायला आपलं बोट तिथं ठेवावं लागतं." मग ते उठले आणि माझ्या पत्नीसाठी चहा आणायला गेले. त्यांच्याविषयी आकस धरणे मला त्या दिवसापासून कठीण झाले आहे. अशक्य झाले असे म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून सुटलो आणि आणखी एक रात्र किनाऱ्यावर काढली. रिकामपणी मी घड्याळाची माहितीपुस्तिका फोनवर उघडली. विमानाच्या चित्रापुढे स्वच्छ लिहिले होते की हे चिन्ह असेपर्यंत विमानाने प्रवास करू नये अथवा उंच ठिकाणी जाऊ नये. म्हणजे यंत्राला घाट माहीत होता. मी चित्र पाहिले होते, वाक्य वाचले नव्हते. माझ्या विभागात आम्ही यालाच प्रशिक्षण म्हणतो: चित्र दाखवायचे आणि समजले म्हणून सही घ्यायची. यंत्राला दोष देण्याची जी शेवटची सोय होती, तीही गेली.

गुरुवारी सादरीकरण झाले. विमानाची तिकिटे रद्द केल्याची गोष्ट मी सांगितली नाही. त्याऐवजी शेवटी एक पान जोडले. त्यावर एवढेच होते: आपला घाट कुठे आहे? मग वरिष्ठ म्हणाले की कल्पना चांगली आहे, पण पानाला थोडा हिरवा रंग द्यावा.

अंदमानचा प्रश्न राहिला होता. मी विचारीत नव्हतो, ती सांगत नव्हती. एका सकाळी ती डोशाचे पीठ तव्यावर फिरवीत असता इन्स्ट्रक्टरचा फोन आला. तिने फोन खांद्याला दाबून धरला आणि माझ्यासमोरच सांगितले, "खोलला अण्णा. दुपारच्या उथळ डाइव्हला आमचे हे."

मी डोसा संपवला. मग विचारले, "राग आहे?"

"राग असता तर उथळला पण नेलं नसतं."

"मी तुला सोडून घाट चढलो म्हणून?"

"ते नाही हो." तिने गॅस बारीक केला. "तुमची मीटिंग होती, तुम्ही गेलात. माणसं जातात. पण त्या वामीपाशी मी वेड्यासारखी बसले होते. पाटी सांगत होती, मी ऐकत नव्हते. तेव्हा मी तुमच्याकडं बघितलं. बडी कशाला असतो? मला पायाला धरून ओढायचं होतं तुम्ही. तुम्ही घड्याळाकडं बघितलंत."

घाटाविषयी मी माझ्या बाजूने पुष्कळ उत्तरे तयार ठेवली होती. मी दुसरा डोसा घेतला नाही, आणि तिने आग्रह केला नाही.

अंदमानला खोल डाइव्हच्या वेळी मी बोटीवर थांबलो. ती आणि अण्णा पाठीमागे कलंडून पाण्यात गेले, आणि थोड्या वेळाने त्यांच्या बुडबुड्यांच्या दोन माळा शेजारीशेजारी वर येऊ लागल्या. घड्याळ माझ्या मनगटावर होते. त्याच्या मते मी कुठेही गेलेलो नव्हतो आणि मला कसलाही धोका नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी तिचा तक्ता मांडीवर घेतला आणि ठरलेल्या खोलीच्या ओळीवर बोट ठेवून बसलो. लाटेने होडी हलली की ओळ सुटे, पुन्हा शोधावी लागे.

ती वर आली, मुखवटा कपाळावर सरकवला. डोळ्यांभोवती वळ उठले होते, आणि चेहऱ्यावर असा काही आनंद होता की मला मान वळवावीशी वाटली. शिडीला धरूनच तिने विचारले, "कुठलं अक्षर?"

मी सांगितले. तिने पाटी पाहिली.

"एक ओळ खालची धरलीत तुम्ही."

"चुकलं का?"

"चुकलंच. पण जास्त सावध बाजूला," ती म्हणाली. "चालेल. हात द्या."

दुपारी आम्ही दोघे उथळ पाण्यात उतरलो. वाळूवर एक कासव गवत खात होते. आम्हाला पाहूनही त्याने खाणे थांबवले नाही. मी ठरवले होते की घड्याळ पाहायचे नाही, तिच्याकडे पाहायचे. हे ठरवणे सोपे होते. पण मनगट सवयीने पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येऊ पाहत होते. शेवटी तिनेच माझे मनगट धरले, घड्याळ आपल्याकडे वळवून वाचले, मग पाटी वाचली, मग माझ्या डोळ्यांत पाहिले. तिने अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ शाबासकी नव्हे. त्याचा अर्थ, आता वर चला.

कासव अजून खात होते आणि घड्याळात बरीच मिनिटे शिल्लक असणार. मीही अंगठा वर केला आणि तिच्याबरोबर सावकाश वर निघालो.